खड्डा क्रमांक एकसष्ट

अशोक चौकात, यन्नम टॉवेल्सच्या वरच्या मजल्यावर
आम्ही सहा जण मेलेल्यांच्या कडा गिरवतो.
इंग्लंडातली माणसं, चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीची,
आपल्या आजोबांच्या वेळी कुणी खणून
पेन्सिलीनं कागदावर काढून ठेवलेली.
शीटला पस्तीस रुपये.
हाडं काळ्या लेयरवर, लोखंड लाल, मणी निळे,
नक्की नसेल ते तुटक रेषेनं.

खाली अठरा माग सुरू झाले की टेबल थरथरतं,
माउसचा बाण कपाळावरून घसरून डोळ्याच्या खोबणीत जातो.
वीज गेली की माग थांबतात, आम्ही बॅटरीवर चालतो.
त्या अर्ध्या तासात
माझ्या कवट्या सगळ्यात गोल येतात.

काही खड्ड्यांत हाडंच नाहीत.
तिथल्या वाळूनं खाल्ली.
कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा डाग तेवढा उरलाय,
गादीवर तेल सांडल्यासारखा.
डागाला कुठला लेयर, मी विचारलं.
इरण्णा म्हणाला, तुटक रेष दे, पुढं जा.

एकसष्टमध्ये बाई आहे.
बाईच, कारण डाव्या मांडीशी चातीची चकती निघाली.
दातांवरून वय तिशीच्या आत.
दोन्ही खांद्यांवर कांशाचे बिल्ले, त्यांच्या पिना लोखंडी,
आणि पिनेच्या गंजात नखाएवढं कापड.
बाकीचं सगळं वस्त्र मातीत गेलं.
गंज चढला तेवढंच विणकाम राहिलं.

फोटो मोठा करून मी खाली नेला, राजमल्लू जॉबरकडे.
त्यानं मोटर बंद केली, टॉवेलच्या कडेनं चष्मा पुसला,
अंगठ्याच्या नखानं धागे मोजले.
ट्वील हाय. दोन वर, दोन खाली.
मग बराच वेळ गप्प.
हितं बघ की, ताणा तुटलाय.
गाठ मारून तशीच पुढं विणलीय.
घाईत असली की आमची अम्मा मारायची, अशीच.
कुठली ही, साखर पेठेतली?
नाही, लांबची.
हाय का गेली?
गेली.
कधी?
झाली बरीच वर्षं, मी म्हणाले,
आणि त्यानं मोटर सुरू केली.

अप्पांना आम्ही मार्चमध्ये रुद्रभूमीत पुरलं, बसवून,
मांडी घालून, तळहातावर लिंग.
भोवती विभूती, बेलाची पानं, मिठाच्या दोन पिशव्या.
अव्वानं अंगावर मिलच्या बोनसची चादर घातली,
तेवीस वर्षं घडी न मोडलेली, मोराची.
दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारा माणूस.
त्या रात्री मी मनातल्या मनात त्यांचं शीट काढलं.
वरून पाहिलं तर अप्पा म्हणजे
एक गोल
आणि दोन गुडघे.

लोखंड नाही.
करदोट्याला कपाटाची किल्ली होती,
ती अव्वानं आधीच सोडवून घेतलेली; बरोबरच आहे,
कपाटात रेशनकार्ड होतं.
पण मग मोर राहणार नाही.
किल्ली असती तर पिसाचं एखादं टोक,
कुणाच्या तरी नखाखाली मोजता आलं असतं.

बिल्ल्याच्या शीटवर मी ती गाठ काढली.
एक ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा.
तीन दिवसांनी शीट परत आलं:
मूळ रेखाटनात नसलेली खूण. काढावी.
पस्तीस रुपये कापले.

मी काढली.
खाली एक माग थांबला होता, बहुतेक ताणा तुटून,
मग दुसराही थांबला,
आणि माझा बाण
अजिबात हलत नव्हता.